वर नदी नाही, तरी धबधबा

धबधबा पाहताना नजर आपोआप वर जाते, पाणी येतंय कुठून ते शोधायला. ठोसेघरला, आंबोलीला वर ओढा सापडतो. आइसलँडमधल्या ह्राउनफोसारसमोर उभं राहून वर पाहिलं, तर काहीच सापडत नाही. काळ्या खडकाची सपाट कड, तिच्यावर शेवाळ आणि खुरटी बर्चची झाडं. पाणी येतं ते या कडेच्या खालून, थेट खडकाच्या पोटातून. एका जागी नव्हे, सुमारे 900 मीटर लांबीच्या पट्ट्यात असंख्य धारा बाहेर पडतात आणि खालच्या ह्वीताऊ नदीत उतरतात.

राजधानी रेक्याविकहून हे ठिकाण गाडीने दोनेक तासांवर आहे. साधी गाडी अगदी जवळ जाते. वाहनतळापासून दोन-चार मिनिटं चाललं की नदीच्या अलीकडच्या काठावर पाहण्यासाठी बांधलेले कठडे लागतात. आई-वडिलांना घेऊन आइसलँडला निघालेल्या मंडळींना मी ही जागा आवर्जून सांगते, कारण गुडघे दुखणाऱ्या माणसालाही ती तितकीच भरभरून दिसते. मात्र इतक्या सहज हाती आलेल्या जागेला लोक वेळही तितकाच कमी देतात. उतरले, फोटो काढले, निघाले. इथे निदान तासभर थांबावं, कारण ही जागा समजली की दुसऱ्यांदा वेगळी दिसते.

‘ह्राउन’ म्हणजे लाव्हा आणि ‘फोस’ म्हणजे धबधबा. नावातच सगळं उत्तर आहे. सन 900च्या आसपास लांग्योकुल या हिमनदाच्या कडेला ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि लाव्हा दरी धरून खाली वाहत आला. तो थिजला, त्या लाव्हाक्षेत्राला हाल्मुंदारह्राउन म्हणतात. वाहत्या लाव्हाचा वरचा थर आधी गार होतो, आतला रस पुढे निघून जातो आणि मागे पोकळ नळ्या उरतात. सुर्त्सहेलिर आणि वीथगेल्मिर या तिथल्या दोन मोठ्या गुहा अशाच तयार झाल्या. बाकीचा खडकही भेगांनी आणि भोकांनी भरलेला. अशा जमिनीवर ओढा टिकतच नाही. पाऊस पडला की मुरतो, बर्फ वितळलं की मुरतं. पण नव्या लाव्हाच्या खाली जुना, गच्च बसलेला खडक आहे. त्याच्यातून पाणी खाली जात नाही. मग ते दोन थरांच्या सांध्यावरून उताराने वाहत राहतं. नदीने जिथे दरी कापली, तिथे हा सांधा उघडा पडला, आणि पाण्याला दार मिळालं.

आठशे-नऊशेचा तो काळ आपल्याकडे राष्ट्रकूटांचा. वेरूळचं कैलास लेणं तेव्हा कोरून झालेलं होतं. ते ज्या जातीच्या खडकात कोरलं, त्याच जातीचा हा खडक अजून जन्मायचा होता! दोन्ही बेसाल्टच, पण आपला दख्खनचा कातळ सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांचा. त्याच्यातली मूळची भोकं पुढे खनिजांनी भरत गेली. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात पाहायला मिळतात, तसले स्फटिक अशाच पोकळ्यांत वाढलेले असतात. म्हणून आपल्याकडे पाणी खडकात भरभरून साठत नाही. भेगा आणि थरांचे सांधे शोधत फिरतं. सह्याद्रीच्या कड्यांवर एका ठरावीक उंचीवर हिरवी रेघ उमटलेली दिसते, ती बऱ्याचदा असल्याच सांध्यावर. तिथे खालचा थर पाणी अडवतो आणि झरा फुटतो. कित्येक वाड्यांचं पिण्याचं पाणी त्यावर चालतं, आणि उन्हाळ्यात तो करंगळीएवढा होतो. ह्राउनफोसारचे झरे मात्र बारमाही वाहतात, कारण साठवण प्रचंड आणि वर हिमनदाचा पुरवठा.

इथून थोडं वर चालत गेलं की बार्नाफोस, म्हणजे ‘मुलांचा धबधबा’. इथे नदी वेगळ्याच रूपात भेटते. मघाशी शांत वाटलेली ह्वीताऊ अरुंद घळईत शिरते, लाव्हा पोखरून केलेल्या भोकांतून आणि कमानींखालून उसळत बाहेर येते. आवाज इतका की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं. लोककथा अशी, की जवळच्या ह्राउनसाउस नावाच्या शेतावरची मोठी माणसं नाताळच्या प्रार्थनेला चर्चमध्ये गेली होती. घरी ठेवलेली दोन मुलं कंटाळून त्यांच्यामागे निघाली आणि जवळची वाट म्हणून नदीवरच्या दगडी कमानीवर चढली. खाली पाहिलं, भोवळ आली, दोघंही पडली. आईने मग ती कमान फोडून टाकायला लावली, पुन्हा कुणाचं मूल त्या वाटेने जाऊ नये म्हणून. घळईत डोकावलं की त्या आईला जास्त काही विचारावंसं वाटत नाही. कठड्याच्या आत राहावं, हिवाळ्यात तर फारच जपून. वाटेवर बर्फ गोठतं आणि पाय सरकतो.

सप्टेंबरच्या शेवटी आलात तर पठारावरची झुडपं पिवळी-तांबडी झालेली असतात. मला तोच काळ सर्वात आवडतो. काळा खडक, तांबूस पानं आणि मधून पांढऱ्या धारा.

परतताना पुन्हा पहिल्या कठड्यापाशी थांबा आणि या वेळी खाली पाहा. ह्वीताऊचा अर्थच पांढरी नदी. त्यातला ‘ह्वीत’ आणि आपला ‘श्वेत’ हे एकाच मुळातून फुटलेले शब्द. हिमनदाने दळलेलं खडकाचं पीठ घेऊन येते, म्हणून ती दुधट निळी दिसते. लाव्हातून गाळून आलेलं पाणी मात्र आरशासारखं नितळ. धारा जिथे नदीला मिळतात, तिथे काठाकाठाने स्वच्छ पाण्याची एक पट्टी थोडं अंतर वेगळी वाहते, तिच्यातून तळाचे दगड दिसतात. पुढे काही पावलांवर तिचा रंगही दुधट होऊन जातो.