मक्याची पिशवी का फाटते?

पॉलिथिनमध्ये मक्याचं स्टार्च मिसळून पत्रा करायचा, द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवून तो मोडायचा आणि मोडलेली कड इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची. तिथे गोल, गुळगुळीत खड्डे दिसतात. प्रत्येक खड्ड्यात स्टार्चचा एक कण बसलेला होता. मोडताना तो अख्खाच्या अख्खा निसटला. स्टार्च आणि प्लास्टिक शेजारी होते, पण एकमेकांना धरून नव्हते. ताण आला की भेग याच मोकळ्या सांध्यांतून धावते.

हे वैर रेणूंच्या घडणीतच आहे. पॉलिथिन म्हणजे कार्बन-हायड्रोजनची लांबच लांब साखळी. तिचं पाण्याशी जमत नाही. स्टार्च ग्लुकोजच्या एककांचं बनलेलं, आणि बहुतेक एककांवर तीन-तीन हायड्रॉक्सिल गट. ते आपसात घट्ट धरून बसतात, नाहीतर पाणी ओढतात. त्यात आकाराची अडचण. मक्याचा कण साधारण 5 ते 25 मायक्रॉनचा आणि पातळ पिशवीची जाडी जेमतेम 30-40 मायक्रॉन. बटाट्याच्या स्टार्चचा कण तर 100 मायक्रॉनपर्यंत जातो, म्हणजे पिशवीच्या जाडीहूनही मोठा!

1970च्या दशकात लंडनच्या ब्रुनेल विद्यापीठात जेराल्ड ग्रिफिन यांनी स्टार्चच्या कणांवर सिलेनचा लेप देऊन त्यांचं पाण्याचं वेड कमी केलं आणि मग ते पॉलिथिनमध्ये मिसळले. त्याच दशकात अमेरिकेतल्या पिओरियाच्या सरकारी कृषी प्रयोगशाळेत फेलिक्स ओटी यांनी आम्लगट असलेलं एथिलीन-ॲक्रिलिक ॲसिड घेऊन स्टार्चच्या फिल्म बनवल्या. पुढे कणच मोडून काढण्याची रीत रुळली: ग्लिसरॉल, थोडं पाणी, उष्णता आणि स्क्रूचा रगडा मिळाला की स्टार्च वितळल्यासारखं वाहू लागतं. पण वाहू लागलं म्हणून पॉलिथिनशी त्याचं सूत जुळत नाही.

ते जुळवण्याचं काम रासायनिक कलम करतं. ट्विन-स्क्रू एक्स्ट्रूडर या दोन स्क्रूंच्या यंत्रात पॉलिथिनसोबत मॅलेइक अॅनहायड्राइड आणि चिमूटभर पेरॉक्साइड टाकतात. तापल्यावर पेरॉक्साइड फुटून मुक्त मूलकं तयार होतात. ती पॉलिथिनच्या साखळीवरचा एखादा हायड्रोजन हिसकावतात आणि रिकाम्या जागी मॅलेइक अॅनहायड्राइड चिकटतं. वजनाच्या हिशेबात त्याचं प्रमाण एक टक्क्याच्या आसपास, बरेचदा त्याहून कमी. मिश्रणात स्टार्चचा हायड्रॉक्सिल गट भेटला की अॅनहायड्राइडचं वलय उघडतं आणि दोघांमध्ये एस्टर बंध तयार होतो. तेल आणि पाणी दोन्हींना धरणाऱ्या साबणासारखा हा रेणू दोघांच्या सीमेवर उभा राहतो; फरक इतकाच, की इथे एका बाजूची पकड खऱ्या रासायनिक बंधाची असते.

आता या मिश्रणाचा पत्रा तसाच मोडून पाहावा. स्टार्चचे थेंब बारीक आणि सारखे पसरलेले दिसतात, प्लास्टिकमध्ये रुतून बसलेले असतात आणि गुळगुळीत खड्डे विरळ होतात. ताण एका पदार्थाकडून दुसऱ्याकडे पोहोचतो, म्हणून ताकद वाढते.

मात्र 'जास्त घातलं की जास्त चांगलं' हा हिशेब इथे चालत नाही. पेरॉक्साइड वाढलं तर पॉलिथिनच्या साखळ्या एकमेकींना जोडल्या जाऊन घट्ट जाळं होतं; पॉलिथिनऐवजी पॉलिप्रॉपिलीन हे प्लास्टिक असेल, तर त्याच्या साखळ्या तुटतात. न चिकटलेलं मॅलेइक अॅनहायड्राइड ओलाव्याने आम्ल बनून स्टार्चचेच बंध तोडतं. शिवाय त्याची वाफ डोळ्यांना आणि श्वसनमार्गाला झोंबते, म्हणून ती ओढून घेण्याची सोय लागतेच.

आणि खरा प्रश्न पुढेच आहे. कलम कितीही पक्कं असलं, तरी मातीतले जीवाणू स्टार्च खातात आणि पॉलिथिन मागे राहतं, तेही तुकड्यातुकड्यांनी. म्हणून आज स्टार्चची जोडी पीएलए किंवा पीबीएटीसारख्या, स्वतःही विघटन होणाऱ्या पॉलिस्टरशी लावण्याकडे कल आहे. रसायन तिथेही तेच: पॉलिस्टरवर मॅलेइक अॅनहायड्राइडचं कलम, मग स्टार्चशी बंध.

आयएसओ 17088 मानकानुसार 'कंपोस्टेबल' ठरायला नियंत्रित कंपोस्टमध्ये 180 दिवसांत 90 टक्के कार्बनचं कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर व्हावं लागतं, आणि या चाचणीचं नेहमीचं तापमान 58 अंश सेल्सिअस. घरामागच्या खड्ड्यात ही ऊब क्वचितच टिकते. त्यामुळे पिशवीवर मक्याचं कणीस छापलंय म्हणून निर्धास्त होऊ नये; स्टार्चचा जोडीदार कोण आणि प्रमाणपत्र कोणतं, ते पाहावं. पिशवी भाजीचा भार पेलेल की नाही, हे कलमावर ठरतं. ती मातीत मिसळेल की नाही, हे जोडीदारावर.