मर्सियाची स्वामिनी

अँग्लो-सॅक्सन इंग्लंड म्हटलं की डोळ्यांसमोर दाढीवाले योद्धे येतात. त्या काळात बाईच्या हाती काय होतं? तर बरंच काही. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी नवरा बायकोला 'सकाळची भेट' द्यायचा. त्यात जमीनही असे आणि ती तिच्या मालकीची होई. बायका मृत्युपत्रं करत. दहाव्या शतकातली अशी मृत्युपत्रं आजही शिल्लक आहेत.

पण राज्य आणि फौज? त्यासाठी एथेलफ्लेडची गोष्ट सांगतो. वेसेक्सचा राजा आल्फ्रेड याची ही थोरली मुलगी, मध्य इंग्लंडातल्या मर्सियाच्या अधिपतीला दिलेली. ९११ साली नवरा वारला. भाऊ एडवर्डनं लंडन आणि ऑक्सफर्ड स्वतःकडे घेतलं, पण बाकीच्या मर्सियावर हुकूम तिचाच चालला.

मी फौजी माणूस, त्यामुळे मला तिच्या लढायांपेक्षा लढायांआधीची तयारी जास्त भावते. व्हायकिंगांचं बळ वेगात होतं : यायचं, लुटायचं, निघून जायचं. यावर तिचा उपाय म्हणजे किल्ले. ९१२ मध्ये ब्रिजनॉर्थ, ९१३ मध्ये टॅमवर्थ आणि स्टॅफर्ड, ९१४ मध्ये वॉरिक, ९१५ मध्ये रनकॉर्न. माणसं, गुरं, धान्य तटाच्या आत आलं की लुटारूच्या हाती काय लागणार? शिवाय पुढे जाणाऱ्या फौजेची पिछाडी सुरक्षित. पाठ अशी भक्कम झाल्यावर, ९१७ मध्ये तिनं डर्बी घेतलं. तिथं वेशीच्या आत तिचे चार जिवलग सरदार पडले. पुढच्या वर्षी लेस्टर न लढताच हाती आलं. यॉर्कचे लोकही तिला मानायला तयार झाले. तेवढ्यात, १२ जून ९१८ रोजी, टॅमवर्थला तिचा मृत्यू झाला.

तिच्यामागे सत्ता मुलीकडे, एल्फविनकडे आली. काही महिन्यांतच मामा एडवर्डनं तिचे सगळे अधिकार काढून घेतले आणि तिला वेसेक्सला नेलं. त्यानंतर इतिवृत्तात तिचं नाव नाही. आईच्या मोहिमाही मुख्यतः मर्सियाच्या छोट्या नोंदींमुळे कळतात. वेसेक्सच्या लेखकांनी त्यांना फारशी जागा दिली नाही.

मला यातून एक गोष्ट दिसते. बाईच्या जमिनीमागे कायदा आणि रिवाज होता, म्हणून तो हक्क पिढ्यान्‌पिढ्या चालला. राज्यामागे मात्र एकट्या एथेलफ्लेडचं कर्तृत्व आणि तिच्या सरदारांचा विश्वास होता. ती गेली आणि मुलीच्या हाती काहीच उरलं नाही.

जय हिंद.