रांग किती लांब असावी ?

पुणें-सोलापूर रस्त्यावरील यवतच्या परिसरांत उसाचीं गुऱ्हाळें आहेत. चरकावर ऊस घालणारा माणूस प्रत्येक मोळीसाठीं फडांत जाऊं लागला, तर चरक बहुतेक वेळ रिकामाच फिरेल. उलट, चार दिवसांचा ऊस एकदम तोडून ठेवला, तर चरकाचा वेग तिळभरही वाढत नाहीं. ऊस मात्र वाळतो व त्यांतील साखर घटते. संगणकांतील साठवणयंत्राची परीक्षा घेतांना हाच प्रश्न निराळ्या वेषांत उभा राहतो.

संगणक या यंत्राकडे माहिती मागतो. एका वेळीं उत्तराच्या प्रतीक्षेंत असलेल्या मागण्यांच्या संख्येस रांगेची खोली म्हणतात. मिनिटास ७,२०० फेरे घेणाऱ्या तबकडीस एका फेऱ्यास सुमारें ८ मिलिसेकंद लागतात. हातीं अनेक मागण्या असल्यास ती सोईचा क्रम लावून फेरे वांचवूं शकते. एसएसडींत फिरणारें कांहींच नसतें. परंतु आंत अनेक चिप्स एकाच वेळीं काम करूं शकतात, आणि मागणी एकेकच आली तर बाकीच्या बसून राहतात. साटा पद्धतींत ही खोली ३२ पर्यंत नेतां येते. एनव्हीएमई पद्धतींत एकेका रांगेंत हजारों मागण्यांची सोय आहे.

मग रांग लांबच लांब कां ठेवूं नये ? जॉन लिटल या अमेरिकन विद्वानानें १९६१ सालीं सिद्ध केलेला नियम याचें उत्तर देतो. दर सेकंदास पुऱ्या होणाऱ्या मागण्यांना प्रत्येकीस लागणाऱ्या सरासरी वेळानें गुणलें, कीं रांगेची सरासरी खोली मिळते. समजा, एका मागणीस सेकंदाचा दहाहजारावा भाग लागतो. खोली १ असतां सेकंदास १०,००० मागण्या पुऱ्या होतील. यंत्राची कमाल शक्ति १,६०,००० असेल, तर आदर्श स्थितींत १६ ही खोली पुरते. ती ६४ केली, तरी काम तेवढेंच होतें. प्रत्येक मागणीचा वेळ मात्र चौपट होतो.

म्हणून परीक्षकानें १, २, ४, ८ अशी खोली वाढवीत वेग व विलंब दोन्ही टिपावे. जेथें वेग वाढेनासा होतो आणि विलंब वाढूं लागतो, तेथें यंत्राची मर्यादा आली. मात्र सॉफ्टवेअरमध्यें ३२ हा आंकडा लिहिला म्हणजे रांग तितकी झालीच, असें नव्हे. एफआयओ या प्रसिद्ध सॉफ्टवेअरमध्यें उत्तर येईपर्यंत थांबणारी पद्धत निवडली, तर एका कामाची प्रत्यक्ष खोली एकच राहते.

या विवेचनाचा संबंध ग्राहकाच्या पैशाशीं आहे. जाहिरातींतील मोठे आंकडे बहुधा खोल रांगेवर मोजलेले असतात. दुकानांतील हिशेबाच्या संगणकावर मात्र एका वेळीं क्वचितच चारपांचांहून अधिक मागण्या थांबतात. अशा ग्राहकानें खोली १ वरील आंकडा पाहावा. अनेकांना एकाच वेळीं सेवा देणाऱ्या सर्व्हरसाठीं खोल रांगेचा आंकडा उपयोगी आहे. खोली न सांगतां दिलेला वेग हा अर्धाच हिशेब होय.