संगणकाला शेजारी का दिसत नाही?

हल्ली पुष्कळ घरी एकाहून अधिक संगणक असतात. जुन्या संगणकात लग्नकार्यांची छायाचित्रे व वर्षानुवर्षांचे हिशेब साठविलेले असतात; मुलांच्या हाती नवा लॅपटॉप येतो. दोन्हींवर इंटरनेट व्यवस्थित चालते; तरीही लॅपटॉपवर ‘नेटवर्क’ उघडले की जुन्या संगणकाचे नाव तेथे आढळत नाही. मग यंत्र बिघडले असे तरी ठरते, नाही तर कोणी सुचविलेला उपाय डोळे झाकून केला जातो. यातील दुसरी गोष्ट अधिक हानिकारक होय. म्हणून विंडोजचे संगणक समोर ठेवून या प्रश्नाचा क्रमाने उलगडा करण्याचे आम्ही योजिले आहे.

आपल्या वडोदऱ्यातील मांडवीजवळची एखादी जुनी पोळ डोळ्यांपुढे आणा. पोळ म्हणजे बहुधा एकाच दरवाजाची, आतून जोडलेली वस्ती. तेथे एखादे घर सापडत नसेल तर तीन कारणे संभवतात. ते घर त्या वस्तीत नसेलच. असेल, पण दाराला आतून कडी असेल. किंवा दारावर नावाची पाटी नसेल. संगणकाचेही तसेच आहे.

प्रथम दोन्ही संगणक एकाच वस्तीत आहेत की नाहीत हे पाहावे. राउटर प्रत्येक संगणकाला अंकांचा एक पत्ता देतो. ‘कमांड प्रॉम्प्ट’ उघडून ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा रोमन लिपीत दिली की तो पत्ता दिसतो. एकाचा १९२.१६८.१.५ आणि दुसऱ्याचा १९२.१६८.१.८ असेल, तर ते बहुधा एकाच वस्तीतले. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरकडून पत्ता मिळालाच नाही असे समजावे. लॅपटॉप पाहुण्यांसाठी ठेवलेल्या वाय-फायला जोडलेला असेल, तरीही शेजारी दिसत नाहीत. कारण पाहुण्यांना इंटरनेट मिळावे पण घरातील संगणक दिसू नयेत, याचसाठी ती सोय असते.

पत्ते जुळले, तर नाव शोधण्याऐवजी थेट दार ठोठवावे. फाइल एक्सप्लोररच्या वरच्या चौकटीत दोन उलट्या तिरक्या रेघा काढून दुसऱ्या संगणकाचा पत्ता लिहावा. दार उघडले, तर केवळ पाटी नाही असा अर्थ. त्या संगणकावर ‘फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन’ नावाची सेवा चालू आहे का ते पाहावे. आपले नाव शेजाऱ्यांना कळविण्याचे काम ती करते. खात्याचे नाव व परवलीचा शब्द विचारला गेला, तर तो बिघाड नव्हे. तो पहारा होय.

दार उघडलेच नाही, तर कडी पाहावी. विंडोज प्रत्येक जोडणीला ‘सार्वजनिक’ किंवा ‘खासगी’ समजते, आणि नव्या जोडणीला बहुधा सार्वजनिकच मानते. सार्वजनिक ठिकाणी संगणक आपले नाव लपवितो आणि फायरवॉल दार लावून घेते. घरच्या जोडणीपुरते ‘खासगी’ निवडावे आणि ‘नेटवर्क डिस्कव्हरी’ व ‘फाइल शेअरिंग’ चालू करावे. हे दोन्ही संगणकांवर केले पाहिजे. रेल्वे स्थानकावरील वाय-फायला मात्र ‘सार्वजनिक’च ठेवावे, तेथील शेजारी आपले परिचित नसतात.

आता त्या घातक उपायांविषयी. फायरवॉल कायमची बंद करा, असे कोणी सांगतात. काही जण ‘एसएमबी १’ ही संगणकांच्या परस्पर बोलण्याची जुनी पद्धत पुन्हा चालू करावयास सांगतात. पूर्वी शेजाऱ्यांची यादी या पद्धतीवर अवलंबून असे, त्यामुळे या उपायाने नावे कधीकधी दिसूही लागतात. परंतु १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ नावाचा घातक प्रोग्राम याच पद्धतीतील छिद्रातून जगभर पसरला. त्याने संगणकांतील फाइली कुलूपबंद करून खंडणी मागितली. ब्रिटनमधील सरकारी रुग्णालयांना रुग्णांच्या ठरलेल्या भेटी व शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या. ते छिद्र बुजविणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्च रोजीच दिली होती. ज्यांनी ती बसविली नव्हती, त्यांना झळ लागली. ऑक्टोबर २०१७ मधील विंडोज १० च्या आवृत्तीपासून कंपनीने ही जुनी पद्धत काढून टाकण्यास आरंभ केला.

विंडोज एक्सपीला ही एकच पद्धत अवगत आहे, आणि तिच्या दुरुस्त्या ८ एप्रिल २०१४ रोजी थांबल्या. असा संगणक घरी असेल, तर त्यास नव्या लॅपटॉपशी जोडण्याचा आग्रह धरू नये. त्यातील छायाचित्रे पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यावीत आणि त्यांची आणखी एक प्रत निराळ्या ठिकाणी ठेवावी. यंत्र नवे आणता येते. आजीआजोबांचे एकुलते एक छायाचित्र पुन्हा काढता येत नाही.

तेव्हा विद्यार्थिमित्रहो, आधी पत्ता, मग दार, मग कडी व पाटी, हा क्रम ध्यानात ठेवा. एका वेळी एकच बदल करा, तो वहीत टिपून घ्या आणि उपयोग झाला नाही तर पूर्ववत करा. शेजारी दिसावा म्हणून घराची भिंत पाडण्याचे कारण नाही.