पोथीचं वय

सकाळी ६.४०. जालना बसस्थानक. ताईंच्या पाठीवर सॅक. आत भिंग, मऊ ब्रश, स्टीलची पट्टी, बॅटरी, फडक्यात गुंडाळलेला कॅमेरा. डब्यात दोन पोळ्या नि शेंगदाण्याची चटणी. एसटीत त्यांना अर्धं तिकीट, मला पूर्ण. ताई पोथ्यांच्या नोंदी करतात. पानं मोजायची, मापं घ्यायची, वय ठरवायचं. दिवसाचे आठशे. भाडं पदरचं. महिन्यात दहा-बारा दिवस काम निघतं, बाकी दिवस शिकवण्या.

८.००. राजूर. गणपतीला बसमधूनच हात जोडले. चहा दहा रुपये.

९.३०. भोकरदनहून काळीपिवळी. जाळीचा देव हे महानुभाव पंथाचं मोठं स्थान, त्याच वाटेवर. ड्रायव्हर भरल्याशिवाय हलत नाही. पस्तीस मिनिटं तशीच गेली.

१०.४०. आश्रम. “दंडवत प्रणाम, बाबा.” “दंडवत, ताई. आधी पाणी घ्या.” पत्र्याच्या पेटीतून लाल बासन निघालं. वेखंडाचा वास. दोन फळ्यांमध्ये सुटी पानं. आधी हात धुवायचे, पुसायचे, मग वाळू द्यायचे. हातमोजे ताई घालत नाहीत, त्यात पानाची कड कळत नाही म्हणतात.

११.००. मोजणी. सूत्रपाठाची प्रत, पानं ११८. कसरीनं शेवटची नऊ पानं चाळणीसारखी केलीत. ब्रश मधून कडेकडे, अशा एका पानाला मिनिटभर. लिपी सकळा. महानुभावांची ही सांकेतिक लिपी बाहेरच्यांना विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, संशोधक राजवाडे-भाव्यांच्या वेळी उमगली. ताई ती वर्तमानपत्रासारखी वाचतात. काळी शाई काजळाची, दंड हिंगुळाचे. चुकलेल्या अक्षरावर हरताळ. मराठीत हरताळ फासणं म्हणतात, ते इथं नुसत्या डोळ्यांनी दिसतं.

१२.२०. शेवटचं पान, पुष्पिका. लेखकानं शके १५९६ लिहिलंय, आनंदनाम संवत्सर. ताई वहीच्या पाठीमागे हिशेब मांडतात. शकात १२ मिळवायचे, ६०नं भागायचं, बाकी उरेल तो संवत्सराचा क्रमांक. १६०८. भाग २६ वेळा गेला, बाकी ४८. अठ्ठेचाळिसावा आनंद. जुळलं. “राज्याभिषेकाचं वर्ष!” बाबा खुलले. म्हणजे इसवी सन १६७४. ताई काही बोलल्या नाहीत. भिंग पुसत बसल्या.

१.३०. जेवण. आश्रमातली भाकरी, वांग्याची भाजी. डबा तसाच राहिला.

२.१५. पान उभं धरून मागून बॅटरी. आपल्याकडच्या हातकागदात चाळणीच्या बारीक रेषा दिसतात, अकिकानं घोटलेली चमक असते. या पानात रेषा आहेत, पण काटेकोर, यंत्रानं आखल्यासारख्या. सदतिसाव्या पानाच्या कडेला काहीतरी पांढुरकं. पालटून पाहिलं. इंग्रजी १८. पुढं कापलेलं. उरलेला तुकडा शोधायला तास गेला. मी दिवा धरला, माझा हात भरून आला, त्यांचा नाही. एकाहत्तराव्या पानाच्या कडेला सापडला, ४६. विलायती कागदाचा मोठा ताव कापून पानं केलेली, जलचिन्हाचे दोन तुकडे दोन पानांत गेलेले.

३.४०. बाबांना सांगायचं कसं, हेच खरं अवघड काम. त्याचे पैसे वेगळे मिळत नाहीत.

“म्हणजे खोटी?”

“खोटी नाही बाबा, नक्कल. नकलणाऱ्यानं समोरच्या पोथीतला शकसुद्धा जसाच्या तसा उतरवला. इतका प्रामाणिक.”

मी मध्येच २०१२ ची गोष्ट सांगितली. हार्वर्डच्या कॅरन किंग यांनी रोममध्ये पपायरसचा एक तुकडा जाहीर केला. एटीएम कार्डाएवढा, कॉप्टिक भाषेतला. त्यात येशू ‘माझी बायको’ म्हणतो. कार्बनचाचणी झाली, पपायरस हजार वर्षांहून जुना निघाला. पण शब्द थॉमसच्या शुभवर्तमानातून वेचून जोडलेले. हे शुभवर्तमान बायबलात घेतलेलं नाही. त्याच्या इंटरनेटवरच्या एका प्रतीतली टंकनाची चूकसुद्धा तुकड्यावर उतरली होती. २०१६ मध्ये किंग यांनीच मानलं, बनावट असण्याचीच शक्यता जास्त. तिथं पान जुनं, मजकूर नवा. इथं उलटं. मला तर इथला माणूस जास्त आवडला.

बाबा जरा वेळानं म्हणाले, “लीळाचरित्र तरी दुसरं काय? मूळ पोथी गेली, आठवून पुन्हा लिहिली. कुणाला वेगळं आठवलं तर तेही टिपलं, हिराइसेचा पाठ म्हणून नावासकट.” पेटीकडे पाहून पुढं म्हणाले, “पण राज्याभिषेकाची म्हणून सांगितली असती, तर लोक बघायला आले असते.”

४.३०. नोंद. एका रकान्यात पुष्पिकेतला शक १५९६, मूळ प्रतीचा. शेजारी कागद, १८४६ किंवा नंतरचा. लांबी-रुंदी, ओळी, कसर. ११८ पानांचे दोन्ही बाजूंनी फोटो. बॅटरी दोनदा बदलली. सेल चाळीस रुपयांचे, पावती नाही.

६.५०. भोकरदन स्थानक. जालन्याची गाडी लागलेली. ताईंनी डबा उघडला. पोळ्या कडक झाल्या होत्या. एक मला दिली.

“पुढच्या महिन्यात दुसरी पेटी उघडू म्हणाले बाबा,” त्या म्हणाल्या. “वाळवी लागलीय म्हणे. ती पसरायच्या आत काम निघालं पाहिजे.”