कॅलिफोर्नियातील वीजटंचाई आणि दरमर्यादेचा वाद

एन्रॉन हे नाव दाभोळ प्रकल्पामुळे आपल्याकडे घरोघरी पोचले. तेथील वीजनिर्मिती मे २००१ मध्ये बंद पडली. त्याच सुमारास ही कंपनी अमेरिकेतील कॅलिफोर्नियाच्या वीजबाजारात मोठा व्यापार करीत होती.

१९९६ च्या कायद्याने त्या राज्याने घाऊक बाजार खुला केला. वितरण कंपन्यांनी रोजच्या लिलावात वीज घ्यायची आणि ग्राहकाला गोठवलेल्या दराने द्यायची, अशी ती रचना होती. लिलावात शेवटच्या, म्हणजे सर्वांत महाग युनिटचा दर सर्वच विक्रेत्यांना मिळे.

वीज धान्यासारखी कोठारात भरून ठेवणे अवघड. मागणी आणि पुरवठा क्षणोक्षणी जुळावे लागतात. समजा, मागणी १०० युनिट आहे आणि सर्व केंद्रे मिळून १०४ देऊ शकतात. त्यांतील ३० एकाच कंपनीची आहेत. तिने ५ युनिट ‘दुरुस्तीसाठी’ बंद ठेवली की दर भडकतो. पाचांवरचा तोटा उरलेल्या पंचविसांवर कितीतरी पटींनी भरून निघतो. (हा लिलाव वर्गात मुलांकडून करवून पाहावा. युक्ती त्यांना लवकर सापडते.)

टंचाई अगदीच खोटी नव्हती. २००० साली वायव्येकडील जलविद्युत घटली, नैसर्गिक वायू महागला. पण १९९९ मध्ये हजार युनिटला सरासरी ३० डॉलरच्या आसपास असलेला दर डिसेंबर २००० मध्ये ३७५ च्या वर गेला, आणि जानेवारीत, मागणी उन्हाळ्यापेक्षा बरीच कमी असताना, आळीपाळीने वीज तोडावी लागली. राज्यातील विजेच्या दराला मर्यादा होती, बाहेरून आणलेल्या विजेला ती चुकवता येई. म्हणून राज्यातलीच वीज बाहेर पाठवल्याचे दाखवून चढ्या दराने परत विकली जाई. एन्रॉनमध्ये या युक्तीला ‘रिकोशे’ म्हणत.

घाऊक दर ठरवण्याचा अधिकार राज्याकडे नव्हता, तो वॉशिंग्टनमधील केंद्रीय ऊर्जा नियामक आयोगाकडे होता. त्यामुळे कंपनीचे प्रयत्नही तिकडेच वळले. एप्रिल २००१ मध्ये अध्यक्ष केनेथ ले उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी यांना भेटले आणि दरमर्यादेला विरोध करणारे टिपण त्यांनी दिले. मर्यादा घातल्यास नवी केंद्रे कोणी उभारणार नाही, हा त्यांच्या बाजूचा युक्तिवाद. पाठ्यपुस्तकाला धरून तो बरोबर आहे. फक्त विक्रेता पुरवठा रोखून धरू शकत नाही, हे त्यात गृहीत असते.

त्याच महिन्यात पॅसिफिक गॅस अँड इलेक्ट्रिक ही वितरण कंपनी दिवाळखोरीत गेली. जूनमध्ये आयोगाने सगळ्या पश्चिम राज्यांना दरमर्यादा लावली. त्या उन्हाळ्यात दर उतरले. वायू स्वस्त झाला, लोकांनी वापरही कमी केला, तेव्हा सारे श्रेय मर्यादेला देता येत नाही. ‘रिकोशे’चे वर्णन करणारे एन्रॉनच्या वकिलांचे डिसेंबर २००० चे टिपण आयोगाने मे २००२ मध्ये उघड केले. तोवर एन्रॉनने दिवाळखोरी जाहीर केल्याला पाच महिने झाले होते.