दाढेतली चांदी, चांदीतला पारा!

माहीत आहे का? दाढ किडली की डेंटिस्ट जी ‘चांदी’ भरत आले, तिच्यात चांदीपेक्षा पारा जास्त! वजनात जवळपास निम्मा पाराच. उरलेल्यात चांदी, कथील, तांबं आणि कधीकधी किंचित जस्त. या मिश्रणाचं नाव अ‍ॅमलगम.

आयडिया किती जुनी? चीनमध्ये तांग राजवटीत, इ.स. 659 च्या औषधग्रंथात चांदी, कथील आणि पाऱ्याच्या अशाच लगद्याची नोंद आहे. म्हणजे शिवरायांच्या जन्माच्या जवळजवळ हजार वर्षं आधी!

आता सीन अमेरिकेचा. 1833 मध्ये क्रॉकोर बंधू युरोपातून न्यूयॉर्कला आले आणि अ‍ॅमलगमला ‘रॉयल मिनरल सक्सिडेनियम’ असं भारदस्त नाव देऊन धडाधड दाढा भरू लागले. सोनं भरणाऱ्या डेंटिस्टांचा पारा चढला! त्यांच्या संघटनेने सभासदांकडून ‘आम्ही अ‍ॅमलगम वापरणार नाही’ अशी लेखी शपथच मागितली. इतिहासात या भांडणाला ‘अ‍ॅमलगम वॉर’ म्हणतात. निकाल? 1856 पर्यंत संघटना मोडीत निघाली, अ‍ॅमलगम मात्र टिकलं. 1895 मध्ये जी. व्ही. ब्लॅक यांनी मिश्रणाचं प्रमाण नीट बसवलं आणि मग त्याची खरंच चांदी झाली.

बनतं कसं, ते बघण्यासारखं! पूर्वी दवाखान्यात छोट्याशा खलात पावडर आणि पारा घोटत. नंतर कॅप्सूल आली. मशीन ती काही सेकंद खर्रकन हलवतं आणि आत मऊ, चकचकीत गोळा तयार. काही मिनिटांतच तो घट्ट होऊ लागतो, म्हणून डॉक्टरांची घाई. पूर्ण ताकद यायला साधारण एक दिवस लागतो, म्हणूनच ‘आज या बाजूने चावू नका’!

चॉकलेटची चांदी चुकून दाढेखाली आली आणि झण्णकन करंट बसला? तोंडातच बॅटरी झाली! एक धातू फॉइलचा, दुसरा फिलिंगचा आणि मध्ये लाळ. सर्किट पूर्ण.

बरं, पारा तोंडात असून भीती नाही? ऐका, इथे खरी गंमत आहे. फिलिंगचा तुकडा गिळला गेला तर आतड्यात त्यातला पारा जवळपास शोषलाच जात नाही. पण पाऱ्याची वाफ श्वासातून गेली, तर तिचा सुमारे 80 टक्के भाग शरीरात राहतो! दात खाणं, सतत च्युइंगगम चघळणं यांनी ही वाफ वाढते. एरवी ती अगदी थोडी सुटते.

2006 मध्ये दोन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष आले: न्यू इंग्लंडची 534 मुलं, लिस्बनची 507. काहींना अ‍ॅमलगम, काहींना पांढरं कंपोझिट. पाच ते सात वर्षं पाहणी. स्मरणशक्ती आणि बुद्धिमत्तेच्या चाचण्यांत दोन्ही गटांत लक्षणीय फरक दिसला नाही. उलट लिस्बनमध्ये कंपोझिटवाल्यांनाच पुन्हा दुरुस्तीसाठी जास्त वेळा खुर्चीत बसावं लागलं.

तरी सप्टेंबर 2020 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने काही जणांसाठी शक्यतो अ‍ॅमलगम टाळा असं सांगितलं: गरोदर किंवा स्तनदा माता, गर्भधारणेच्या विचारात असलेल्या स्त्रिया, लहान मुलं, मज्जासंस्थेचे किंवा किडनीचे आजार असलेले आणि पाऱ्याची अ‍ॅलर्जी असलेले. त्याच सूचनेतलं दुसरं वाक्य मात्र फार जण वाचतच नाहीत: चांगल्या स्थितीतलं जुनं फिलिंग उगाच काढू नका!

का? कारण ड्रिल लागताच घर्षणाने तापून वाफ सुटते. वर्षानुवर्षं शांत बसलेलं फिलिंग काढतानाच पाऱ्याशी सर्वांत जास्त संपर्क येतो, शिवाय आजूबाजूचा निरोगी दातही थोडा खरवडला जातो. म्हणून ‘काळं दिसतं’ एवढ्यासाठी आजीच्या दाढेतली चांदी उकरायला मी तरी कुणाला सांगणार नाही. काळं पडणं म्हणजे कीड नव्हे. कड तुटली, फट पडली, खाली कीड लागली, दाढेला तडा गेला, तर मात्र जरूर जा. कित्येकदा नुसती कड दुरुस्त करूनही भागतं.

आणि बदलायचंच ठरलं, तर चांगला डेंटिस्ट काय करतो? दाताभोवती रबर डॅम, म्हणजे पातळ रबरी पडदा. ड्रिलवर भरपूर पाण्याचा फवारा. जोरदार सक्शन. फिलिंगचा भुगा करण्याऐवजी त्याला चिरा देऊन मोठाले तुकडे उचलणं.

मग जग अ‍ॅमलगमला टाटा का करतंय? मुख्य कारण पर्यावरण! दवाखान्यातला पारा गटारात जातो. युरोपात तर दहनगृहांच्या धुरातही तो सापडतो. नॉर्वेने 2008 मध्ये, स्वीडनने 2009 मध्ये बंदी घातली. युरोपीय संघाने 1 जानेवारी 2025 पासून, खास वैद्यकीय गरज सोडता, वापर थांबवला. पाऱ्यावरच्या मिनामाता कराराच्या देशांनी 2034 ही शेवटची मुदत ठरवली आहे, आणि भारत 2018 पासून त्या करारात आहे.

तेव्हा पुढच्या अपॉइंटमेंटला बिनधास्त विचारा: ‘डॉक्टर, हे काढायलाच हवं का? आणि काढणार असाल तर रबर डॅम लावणार ना?’